दप्तर घरी परतताना: घर-ऑफिसच्या जोडणीच्या फर्निचरची पार्श्वभूमी

फोंडा तालुक्यातल्या आमच्या जुन्या घरात, वसरीवर, आजोबांची एक पेटी असायची. फणसाच्या लाकडाची, उतरत्या झाकणाची, आत चार खण. एकात दौत-टाक, एकात पावत्या, एकात कुळांच्या खंडाची वही आणि चौथा कुलपाचा. सकाळचा चहा झाला की आजोबा पेटी पुढ्यात ओढून मांडी घालून बसत. झाकण हेच त्यांचे लिहिण्याचे मेज. बाराच्या सुमारास पेटी भिंतीला सरकायची आणि पाहुणे असले की त्याच जागी पाट मांडले जायचे. जेवणे आटोपली की तिथेच चटई पडायची. एकच वसरी दिवसभरात कचेरी, जेवणघर आणि निजायची खोली होताना मी लहानपणी रोज पाहिली आहे.

आज पर्वरी, ताळगाव, म्हापसा, फोंडा इथल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटांत भिंतीतून उघडणारे टेबल, चाकांवरचे खण, दिवसा कपाट आणि रात्री पलंग होणारी चौकट अशा वस्तू मोठ्या हौसेने करून घेतल्या जातात. घर आणि ऑफिस एकाच खोलीत बसवायची ही कल्पना नवी म्हणून विकली जाते. माझ्या मते नवे होते ते ऑफिस घराबाहेर जाणे, आणि त्यालाही जेमतेम दीड-दोनशे वर्षे झाली. त्याआधी ऑफिस ही बहुतेक ठिकाणी इमारत नव्हती, वस्तू होती.

शब्दच बघा. ‘दप्तर’ मूळ ग्रीक भाषेतला, अर्थ चामडे. अरबी-फारसीतून तो आपल्याकडे आला तो कागदपत्रांच्या जुडग्यासाठी, आणि मग जिथे ती जुडगी राहतात त्या जागेसाठी. पुण्याच्या पेशवे दप्तरातले कागद आजही रुमालांत मोजतात, म्हणजे ज्या कापडात ते बांधून ठेवले त्या कापडाच्या हिशेबाने. आणि आपल्या मुलांच्या पाठीवर असते तेही दप्तरच. ‘दिवाण’ची वाट अशीच: आधी नोंदवही, मग दरबार, मग दरबारातला माणूस आणि शेवटी हॉलमधली बैठक. फ्रेंचांचा ‘ब्यूरो’ आधी मेजावर अंथरायचे जाडेभरडे कापड होता, मग मेज झाला, मग कचेरी. पोर्तुगीजमध्ये ‘एश्क्रितोरियु’ म्हणजे आज ऑफिस, पण सोळाव्या-सतराव्या शतकात त्याचा अर्थ लिहिण्याची पेटी किंवा खणांचे कपाट असाही होता.

इथे गोव्याचा संबंध थेट येतो. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतल्यानंतर शंभर-दीडशे वर्षे इथले सुतार अशी लिहिण्याची कपाटे युरोपसाठी घडवत होते. ‘कोंतादोर’ हा त्यातला ठळक प्रकार. नाव ‘मोजणे’ या क्रियापदावरून, कारण हिशेबाचे कागद, नाणी, मोहरा त्यात राहत. सागवानाच्या सांगाड्यावर शिसवी किंवा आबनूस लाकडाची जडणघडण, हस्तिदंताचे ठिपके, समोर लहान लहान खणांची रांगोळीसारखी मांडणी. लिस्बन आणि लंडनच्या संग्रहालयांत यातली कितीतरी कपाटे आहेत. काहींच्या पायांवर नागकन्येच्या आकृती कोरलेल्या दिसतात. मागणी पोर्तुगीज, पण हात इथले, हे त्या पायांवरून लगेच कळते.

शोभेपेक्षा मला त्यांची रचना जास्त महत्त्वाची वाटते. वरचे खणांचे कपाट आणि खालची पायांची चौकट हे दोन वेगळे भाग असतात. दोन्ही बाजूंना उचलायच्या कड्या. लिहिण्याच्या काही पेट्यांत पुढची फळी बिजागऱ्यांवर खाली पडते आणि तीच मेज होते. गोवा ते लिस्बन हा शिडाच्या जहाजातला प्रवास सहा-सहा महिन्यांचा. वस्तू सुटी होणे, कुलूपबंद होणे आणि उतरल्या जागी पुन्हा उभी राहणे ही तिची पहिली गरज होती. आज ‘मॉड्युलर’, म्हणजे सुट्या भागांच्या जोडणीच्या फर्निचरकडून आपण ज्या तीन गोष्टी मागतो त्या याच. बिजागरी, चावी आणि पगार हे तिन्ही शब्द मराठीत पोर्तुगीजमधूनच आले. घर-ऑफिसच्या फर्निचरला या तिन्हींशी काम पडते, हा योगायोग मला फार आवडतो.

पुढे इंग्रजांच्या छावण्यांनीही हाच धागा उचलला. पितळी कोपऱ्यांचे, मधून दोन तुकडे होणारे खणांचे कपाट आणि रूरकीच्या छावणीच्या नावाने ओळखली जाणारी ‘रूरकी खुर्ची’ ही त्यातली नमुनेदार उदाहरणे. रूरकी खुर्चीत सरस नाही, खिळा नाही. चार पाय, आडव्या काठ्या आणि ताणलेले कापड. माणूस बसला की सांधे आपोआप आवळतात आणि जमीन उंचसखल असली तरी चारही पाय टेकतात. तिकडे व्हिएन्नात मायकेल थोनेटने १८५९ मध्ये वाफेवर वाकवलेल्या लाकडाची १४ नंबरची खुर्ची काढली. तिचे लाकडी भाग फक्त सहा. ३६ खुर्च्यांचे सुटे भाग एक घनमीटरच्या खोक्यात मावत आणि ग्राहकाच्या गावी गेल्यावर स्क्रूंनी जोडले जात.

मग टाइपरायटर आला, टेलिफोन आला, कारकुनांची संख्या वाढली आणि शहरांत ऑफिस घरापासून तुटले. गोव्यात हे तुटणे कधी पुरते झालेच नाही. पणजी, मडगाव, म्हापशात खाली दुकान आणि वर बिऱ्हाड ही रीत राहिली. वकील, डॉक्टर, शिंपी पुढच्या खोलीत काम करत आणि मागच्या खोलीत जेवत. मराठी शाळा देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे देवळाला आलेल्यांच्या उतरायच्या जागेत, किंवा कुणाच्या तरी वसरीवर भरत. ख्रिस्ती घरांतल्या बाल्कांवचा, म्हणजे दारापुढच्या ओसरीचा सोपो, म्हणजे बांधीव बाक, हाही कामाची माणसे बसवायचीच जागा. त्यामुळे २०२० साली टाळेबंदीत घरून काम सुरू झाले तेव्हा मुंबई-बंगळुरूच्या लोकांना जे अचानक वाटले ते आमच्या आधीच्या पिढीला तितके परके वाटले नाही. अडचण इतकीच, की वसरी गेली होती आणि तिच्या जागी दहा बाय बाराचा हॉल आला होता.

आता मोजमापांकडे वळू, कारण ‘जोडणीचे फर्निचर’ खरे तर मापांमुळे शक्य होते. १९२६ मध्ये मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखले. लांबी ३.४ मीटर, रुंदी १.९ मीटर. आगगाडीच्या डायनिंग कारमधली स्वयंपाकाची जागा त्यांच्या डोळ्यांसमोर होती. बाईची पावले किती पडतात, हात किती लांबवावा लागतो हे घड्याळ लावून मोजले आणि एकाच मापाची सुमारे १०,००० स्वयंपाकघरे बसवली गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतच कपाटाच्या उभ्या फळीवर दर ३२ मिलिमीटरला एक भोक पाडायची पद्धत रुळली. भोके सर्वत्र सारखी असली की फळी, बिजागरी, खणाचे चॅनेल हवे तिथे वरखाली करता येते. आणि १९५६ मध्ये स्वीडनच्या आयकिया कंपनीत टेबल गाडीत मावेना म्हणून त्याचे पाय काढले गेले. खोक्यात चपटे भरून न्यायचे फर्निचर तिथून वाढले.

पण घर-ऑफिसच्या दृष्टीने सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट अमेरिकेतली आहे. हर्मन मिलर या फर्निचर कंपनीसाठी रॉबर्ट प्रॉप्स्ट यांनी माणसे ऑफिसात प्रत्यक्ष कशी वावरतात याचा अभ्यास केला. माणूस आठ तास एका जागी बसण्यासाठी घडलेला नाही, त्याला उभे राहून, फिरून, कागद डोळ्यांसमोर पसरून काम करता यावे, असे त्यांचे म्हणणे. त्यातून १९६४ मध्ये जॉर्ज नेल्सन यांच्यासोबत ‘ॲक्शन ऑफिस’ आले: उंच मेज, गुंडाळून बंद होणारे झाकण, कागद लावायचे उभे खण. महाग होते, खपले नाही. १९६८ मध्ये दुसरी आवृत्ती आली, हलक्या सरकत्या भिंतींची. त्या भिंती १२० अंशांत मोकळ्या मांडाव्यात अशी अपेक्षा होती. कंपन्यांनी त्या ९० अंशांत उभ्या केल्या आणि त्याच जागेत जास्त माणसे कोंबली. क्युबिकल म्हणतात ते हेच, आणि आपल्या कल्पनेचे असे झालेले पाहून प्रॉप्स्ट अखेरपर्यंत खंतावत राहिले. बदलता येणारे फर्निचर बदलायचा हक्क वापरणाऱ्याच्या हातात नसेल, तर ते साध्या बाकापेक्षाही जाचक होते. घरातही असेच घडते. टेबल कुठे लागेल हे बिल्डरच्या प्लगपॉइंटने ठरवले, की बाकीची सोय नावालाच उरते.

१९ डिसेंबर १९६१ नंतर गोव्याच्या घरांत मुंबईचा माल मोकळेपणाने येऊ लागला. गोदरेज १९२३ पासून लोखंडी कपाटे बनवत होती. ती आता लग्नाच्या सामानात दिसू लागली. खाऱ्या हवेने त्यांचे तळ गंजत, म्हणून पायांखाली नारळाच्या करवंट्या ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यानंतर प्लायवूड आले आणि सुताराचे माप बदलले. जुना मेस्त झाड बघून फळी काढायचा. नवा मेस्त आठ बाय चारचा तक्ता बघतो. चार फुटांचा तक्ता मधोमध कापला की दोन फुटांच्या दोन पट्ट्या पडतात, म्हणून कपाटाची खोली दोन फूट, टेबलाची रुंदी दोन फूट. करवतीच्या पात्यात जाणारे एखादे सूत वगळले तर बाकी सारे याच हिशेबाने चालते. गोव्यातल्या बहुतेक फ्लॅटांतले फर्निचर न ठरवताही एका मापाचे आहे ते यामुळे.

आपल्याकडे ‘मॉड्युलर’ हा शब्द मात्र १९९१ नंतर स्वयंपाकघराला चिकटून आला आणि वाटेत त्याचा अर्थ बदलला. कारखान्यात कापलेले, चकचकीत सनमायकाचे आणि भिंतीत कायमचे ठोकलेले, एवढाच अर्थ उरला. घर बदलले की ते मागे राहते. हे फर्निचर मला मॉड्युलर वाटत नाही. ते फक्त दुसरीकडे बनवून आणलेले असते.

त्यात गोव्याचा पाऊस. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर, आणि जुलैत हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ८५ टक्क्यांच्या वर. मी २०२० मध्ये एका दुकानातून घडीचे भिंतीचे टेबल घेतले होते. एमडीएफचे, म्हणजे लाकडाचा बारीक भुसा दाबून केलेल्या फळीचे, कडेला पट्टी चिकटवलेले. दुसऱ्या जूनमध्ये खालची पट्टी नखाने उचलता येईल इतकी सुटली. आतला भुसा पाणी पिऊन फुगला, बिजागरीचे स्क्रू पकड सोडू लागले आणि लॅपटॉप ठेवला की फळी पुढे झुकायची. दुकानदाराने ‘भिंतीला ओल आहे’ म्हणून हात वर केले. भिंतीला ओल होती हे खरे, पण गोव्यात कुठल्या भिंतीला नसते? इथे विकायचे टेबल इथल्या जुलैसाठी बनवायला हवे. उकळत्या पाण्यात टिकणारे, आयएस ७१० या भारतीय मानकाचे मरीन प्लाय महाग पडते, पण बिजागरी जिथे बसते तिथे तरी तेच हवे.

२०२० च्या मार्चमधल्या टाळेबंदीनंतर मागणी कशी पालटली ते सर्वांना आठवते. सरकारी नियमही त्या पाठोपाठ सैल झाले. नोव्हेंबर २०२० मध्ये दूरसंचार विभागाने कॉल सेंटर आणि तत्सम सेवांना घरून काम करायची मोकळीक दिली. जुलै २०२२ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रांतल्या कंपन्यांना निम्म्यापर्यंत कर्मचारी वर्षभर घरून काम करू शकतील असा नियम झाला. म्हणजे तात्पुरती सोय कागदावर आली. गोव्यात त्यात दोन प्रकारची माणसे भेटतात: बाहेर नोकरी करणारी आणि लॅपटॉप घेऊन आईवडिलांकडे परतलेली इथली मुले, आणि अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने राहायला आलेली बाहेरची माणसे. दोघांनाही भिंतीत ठोकलेले काही नको असते. पहिल्यांना वडिलांची भिंत फोडायची नसते, दुसऱ्यांना घरमालकाची.

यासाठी कुणी काय करते ते मला मडकईच्या वाटेवर एका मेस्ताच्या शेडमध्ये पाहायला मिळाले. तो फणसाच्या लाकडाचे टेबल करत होता, चार फूट बाय दोन फूट, उंची २९ इंच. जेवणाला आणि संगणकाला दोन्हीला चालणारी उंची हीच, असे तो म्हणाला. नवे लाकूड हळदीसारखे पिवळे होते. पायांच्या वरच्या टोकाला त्याने गिरमिटाने भोक पाडून आत पितळेची आट्यांची नळी बसवली होती, म्हणजे बोल्ट लाकडात न फिरता पितळेत फिरतो आणि शंभर वेळा काढला-घातला तरी सैल होत नाही. मधल्या आडव्या दांडीला मात्र बोल्ट नाही. तिथे आरपार खाच आणि बाहेरून ठोकायची पाचर, त्याच्या आजोबांच्या पद्धतीची. पावसात लाकूड फुगले की पाचर स्वतःच आवळते, उन्हाळ्यात सैल झाली की हातोडीचा एक ठोका पुरतो. मला दाखवायला म्हणून त्याने टेबल सुटे केले. आठ बोल्ट, एक पाचर, सहा तुकडे. सगळे त्याने स्कूटरच्या पुढ्यात उभे करून दाखवले, आणि मग पायांच्या तळाला रबराच्या टोप्या चढवत म्हणाला, ‘लादी जूनमध्ये घाम सोडते, पाय तिला लागता कामा नये.’