आंत्र प्रतिरक्षा : उपचाराधीन एचआयव्हीबाधितांमधील

एआरटी, म्हणजे एचआयव्हीला रोखणारी औषधे, नियमित घेतल्याने रक्तातील विषाणुभार चाचणीला सापडणार नाही इतका उतरला, तरी आतड्याच्या अस्तरातील प्रतिकारव्यवस्था पूर्ववत होतेच असे नाही. तेथे राहून गेलेली उणीव आणि तिच्यामुळे शरीरात मंदपणे चालू राहणारा शोथ (दाह) यांचा विचार या नोंदीत केला आहे. हा स्वतंत्र रोग नव्हे. पुष्कळांना त्याचे एकही लक्षण जाणवत नाही. शरीरातील लसिका पेशींचा (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा) फार मोठा साठा आतड्यालगतच्या ऊतकात असतो, तर रक्तात त्यांपैकी सुमारे २ टक्केच फिरत असतात. त्यामुळे एआरटी केंद्राच्या कार्डावर लिहिला जाणारा सीडी४ काउंट (रक्तातील सीडी४ या प्रकारच्या लसिका पेशींची संख्या) चांगला असला, तरी आतड्याची स्थिती त्यावरून कळत नाही.

आतड्याच्या अस्तरातील बहुसंख्य सीडी४ पेशी स्मृतिपेशी (आधी भेटलेले जंतू ओळखणाऱ्या) असून त्यांच्या पृष्ठभागावर सीसीआर५ हा ग्राही विपुल असतो, आणि विषाणूला पेशीत शिरताना बहुधा तोच लागतो. संसर्ग लैंगिक मार्गाने झालेला असो वा रक्तातून, पहिल्या काही आठवड्यांतच या पेशींचा मोठा संहार होतो. १९९८ मध्ये रोनाल्ड व्हीझी व सहकाऱ्यांनी हे मॅकाक माकडांतील एसआयव्ही या सजातीय विषाणूच्या संसर्गात दाखविले. माणसातील ठोस पुरावा २००४ मध्ये आतड्याच्या बायोप्सींवरून मिळाला. त्याच्या बरेच आधी, १९८४ मध्ये, डोनाल्ड कोटलर यांनी एड्सच्या रुग्णांतील आतड्याच्या विकृतीचे वर्णन केले होते. परंतु त्या काळी तिच्याकडे मुख्यतः जुलाब आणि अन्नशोषणातील बिघाड यांच्या अंगाने पाहिले गेले.

शोथाचे मूळ कोणते, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. २००६ मध्ये जेसन ब्रेंचली, डॅनियल डूएक आदींनी असे मांडले की, अस्तर झिरपू लागल्याने जंतूंच्या कवचातील लायपोपॉलिसॅकॅराइडसारखे घटक रक्तात उतरतात आणि प्रतिकारव्यवस्थेला सतत चिथावत राहतात. या मतावर पहिला आक्षेप मोजमापाचा आहे. हा घटक मोजण्याची रूढ चाचणी नालखेकड्याच्या रक्तपेशींच्या अर्कावर चालते आणि रक्तद्रवातील इतर द्रव्ये तीत व्यत्यय आणतात. म्हणून पुढे विद्राव्य सीडी१४ या प्रथिनावर भर आला. त्याची पातळी जितकी अधिक तितका मृत्यूचा धोका अधिक, असा संबंध २०११ मध्ये दिसला. मात्र हे प्रथिन म्हणजे शरीराने दिलेला प्रतिसाद, खुद्द झिरप नव्हे. दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. युगांडातील राकाई येथील २००९ च्या अभ्यासात लायपोपॉलिसॅकॅराइडची पातळी आणि रोगाची वाटचाल यांचा असा संबंध आढळला नाही. जेथे पाणी व स्वच्छता यथातथाच असते, तेथे एचआयव्ही नसलेल्यांच्या आतड्यातील रसांकुरही (अस्तरावरील बोटांसारखे उंचवटे) खुजे आणि अस्तर काहीसे झिरपते असते, हे ध्यानात घेता पाश्चात्त्य तुलनेची मापे आपल्याकडे तशीच लावू नयेत, हे उचित वाटते.

नैसर्गिक यजमान, म्हणजे ज्यांच्यात एसआयव्ही मुळातच आढळतो अशा, माकडांचा दाखला या वादात निर्णायक नसला तरी बोलका आहे. सूटी मँगाबे या आफ्रिकी माकडांत एसआयव्हीचा भार प्रचंड असतो, आतड्यातील सीडी४ पेशीही घटतात, पण ती सहसा आजारी पडत नाहीत. त्यांच्यात टीएच१७ हा पेशींचा उपप्रकार टिकून राहतो. इंटरल्युकिन-१७ व इंटरल्युकिन-२२ ही संदेशवाहक प्रथिने स्रवून अस्तराची डागडुजी करण्याचे काम याच पेशींचे; माणसात त्या आधी आणि अधिक प्रमाणात जातात. तेव्हा एकूण किती पेशी गेल्या यापेक्षा कोणत्या गेल्या याला महत्त्व देणारे मत अधिक ग्राह्य ठरावे.

आतड्यातील सूक्ष्मजीवसमूहाविषयीच्या निष्कर्षांना मात्र बराच चाप लावावा लागला. एचआयव्हीमुळे प्रिव्होटेला जंतू वाढतात, असे आरंभी मानले जाई. बार्सिलोना येथील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखविले की, ही वाढ एचआयव्हीशी नव्हे, तर पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांच्या गटाशी निगडित होती. भाकरी, डाळी व भाज्या खाणाऱ्या भारतीयांत प्रिव्होटेला मुळातच भरपूर असतो, ही बाब येथे वेगळी सांगायला हवी.

उपचाराने रक्तातील सीडी४ पेशी सावरतात, आतड्यातील मात्र हळू आणि बहुधा अपुऱ्या. संसर्गानंतर पहिल्या काही आठवड्यांतच औषधे सुरू झालेल्यांत हानी कमी राहते. भारतात मोफत एआरटी १ एप्रिल २००४ पासून मिळू लागली, तरी सीडी४ काउंट ठरावीक मर्यादेखाली येईपर्यंत थांबण्याची पद्धत २०१७ पर्यंत होती. जुन्या रुग्णांतील उणिवेचा उगम काही अंशी या विलंबात असावा. रिफॅक्सिमिन हे प्रतिजैविक, सेव्हेलॅमर हे आतड्यातील द्रव्ये बांधणारे औषध आणि प्रोबायोटिक (उपयुक्त जंतू) यांच्या चाचण्यांतून भरीव लाभ दिसला नाही. आतड्याकडे जाणाऱ्या पेशींना अडविणाऱ्या प्रतिपिंडाचा माकडांतील २०१६ चा आशादायक निष्कर्ष २०१९ मध्ये पुन्हा मिळविता आला नाही. पिटाव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरविणाऱ्या औषधाने एचआयव्हीबाधितांतील हृदयविकाराच्या घटना सुमारे ३५ टक्क्यांनी घटल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. पण ते औषध शोथाच्या परिणामावर चालते, आतड्याच्या दुरुस्तीसाठी नव्हे.

कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे (सीपीआर) रुग्णालयात एआरटी केंद्र आहे. येथील आहारातील ताक व अंबील वर्ज्य करण्याचे कारण नाही. गंगावेशीतील दूधकट्ट्यावर डोळ्यांदेखत पिळलेले, वर फेसाचा थर असलेले म्हशीचे धारोष्ण दूध तेथल्या तेथे पिण्याची जी रीत आहे, ती मात्र काउंट कमी असलेल्यांनी टाळावी. न तापविलेल्या दुधातून ब्रुसेला, साल्मोनेला व गोवंशीय क्षयाचे जंतू पोटात जाऊ शकतात. पंचगंगेच्या २०१९ व २०२१ च्या महापुरांत उपसा केंद्रे पाण्याखाली जाऊन नळ बंद पडले होते. अशा दिवसांत पाणी खळखळून उकळूनच प्यावे, कारण क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी क्लोरीनला सहसा दाद देत नाही. रेंगाळलेले जुलाब ‘गोळ्यांची उष्णता’ म्हणून अंगावर काढले जातात. त्यात शौचाची तपासणी आणि पोटाच्या क्षयाचा शोध आधी व्हावा. तांबड्या रश्श्यानंतरची जळजळ शमविण्यासाठी घेतलेले मॅग्नेशियम वा ॲल्युमिनियमयुक्त ॲन्टासिड डोल्युटेग्रॅव्हिर या एआरटी औषधाला आतड्यातच बांधून ठेवते आणि त्याचे शोषण घटविते. म्हणून डोल्युटेग्रॅव्हिरची गोळी ॲन्टासिडच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर घेतात.