कोलार्डच्या पाण्यातलं पोटॅशियम

‘कृष्णवर्णीयांना ब्लडप्रेशर जन्मजातच असतं’ हे वाक्य अजूनही सर्रास ऐकू येतं. गुलामांच्या जहाजांवर ज्यांचं शरीर मीठ धरून ठेवायचं तेच तगले, हे त्यांचे वंशज, अशी कथाही जोडली जाते. कथा चटकदार आहे, तिला पुरावा नाही. १९९७ च्या एका तुलनेत पश्चिम आफ्रिकी वंशाच्या लोकांमध्ये उच्च रक्तदाबाचं प्रमाण आफ्रिकेत १६, कॅरिबियन बेटांवर २६ आणि अमेरिकेत ३३ टक्के आढळलं. बेटांवरचे लोकही त्याच जहाजांतून आणलेल्यांचे वंशज!

मग बघायचं ते ताटाकडे. आपली मूत्रपिंडं दिवसाला जवळपास दीड किलो मीठ गाळतात आणि बहुतेक सगळं रक्तात परत घेतात. मूत्रपिंडातल्या नलिकेच्या शेवटच्या टप्प्यात एनसीसी हे वाहक प्रथिन उरलेलं सोडियम उचलतं. मला थक्क करतं ते पुढचं: या वाहकाचा खटका पोटॅशियमच्या हाती असतो. रक्तात पोटॅशियम घटलं की नलिकेच्या पेशीतूनही ते बाहेर झिरपतं, आतला ऋणभार वाढतो आणि क्लोराइडला बाहेर ढकलतो. क्लोराइडमुळे गप्प असलेलं डब्ल्यूएनके विकर जागं होतं, ते एसपीएके या दुसऱ्या विकराला जागवतं, एसपीएके एनसीसीवर फॉस्फेट चिकटवतं, की वाहक कामाला लागतो. सोडियम परत, त्यामागे पाणी, रक्तदाब वर. पोटॅशियम कमी पडलं तर भरपूर मीठ खाल्लेलं मूत्रपिंडही मीठ सोडायला तयार नसतं. रक्तदाबावरच्या थायाझाइडच्या गोळ्या अडवतात ते हेच वाहक प्रथिन.

‘डॅश’ या आहाराच्या चाचणीत मीठ तेवढंच ठेवून फळं, भाज्या आणि कमी स्निग्धांशाचं दूध वाढवलं. कृष्णवर्णीयांचा वरचा रक्तदाब सरासरी ६.८ अंकांनी उतरला, गोऱ्यांचा ३ अंकांनी. श्रेय एकट्या पोटॅशियमचं नाही, वाटा मात्र मोठा असावा.

अमेरिकेत निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय स्त्रियांना उच्च रक्तदाब आहे. फळं-भाज्या खाणं वाढावं म्हणून ‘बॉडी अँड सोल’सारखे आहारशिक्षणाचे उपक्रम चर्चमध्ये गेले, तिथल्याच सदस्यांना समुपदेशन शिकवलं गेलं. कोबीच्या कुळातली कोलार्डची पानं या समाजात डुकराच्या धुरी दिलेल्या खारट मांसाबरोबर तासन्‌तास शिजतात. पानांतलं पोटॅशियम पाण्यात उतरतं. ते पाणी, ‘पॉट लिकर’, मक्याच्या पावाने टिपून खातात. ‘हे पाणी ओतून टाका’ असं शिकवणं चूक. मांसाऐवजी कांदा, लसूण, मिरची, व्हिनेगर घालावं आणि पाणी ठेवावं. मूत्रपिंड अधू असेल तर मात्र तेच पोटॅशियम रक्तात साचून हृदयाला धोका होतो, म्हणून अशा वर्गात पाककृतीच्या आधी मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातल्या क्रिएटिनिनचा आकडा विचारायला हवा.