नंदादेवी राष्ट्रीय उद्यान

उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यातील संरक्षित पर्वतीय प्रदेश. क्षेत्रफळ सुमारे ६३० चौ. किमी. मधोमध नंदादेवी शिखर (७,८१६ मी.) आणि भोवती त्रिशूळ, दुनागिरी, चांगबंग अशा उत्तुंग शिखरांचा कोट. या कोटाला खिंडार एकच, पश्चिमेकडची ऋषिगंगेची घळ. आतल्या हिमनद्यांचे पाणी तिच्यातूनच धौलीगंगेकडे धावते. कडे इतके तुटलेले, की दुरून दिसणाऱ्या या शिखराच्या पायथ्याशी १९३४ पर्यंत कोणी गेल्याची नोंद नाही. त्या वर्षी शिप्टन व टिलमन हे ब्रिटिश गिर्यारोहक घळीतून आत शिरले. आंगथारके, पासांग आणि कुसांग या तीन शेर्पांचाही त्या वाटेवर तेवढाच हक्क आहे.

खालच्या दऱ्यांत देवदार व फरची जंगले, वर भोजपत्र आणि ऱ्होडोडेंड्रॉन. मोसमी ढग बरेचसे बाहेरच अडत असल्याने आतला प्रदेश कोरडा. तिथे जुनिपरची झुडपे, गवत, शेवाळ आणि दगडफूल. भरल (रानमेंढी), हिमालयीन थार (रानबकरा), कस्तुरीमृग, हिमबिबट्या आणि मोनाल पक्षी हे इथले रहिवासी.

१९७४ मध्ये परदेशी मोहिमांना वाट खुली झाली आणि काही वर्षांतच या दुर्गम खोऱ्याची दशा झाली. जुनिपर जमिनीलगत पसरतो, अतिशय सावकाश वाढतो, आणि राळेमुळे ओला असतानाही पेट घेतो. त्यामुळे तळांवरच्या चुलींसाठी तोच तोडला गेला. त्यात कचरा आणि शिकारीची भर. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, पाठोपाठ आतला भाग गिर्यारोहकांना बंद झाला. १९८८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. २००५ मध्ये त्यात फुलांची दरीही जोडली गेली. १९९३ आणि २००३ च्या अभ्यास मोहिमांना वनस्पती सावरताना दिसल्या. बंदी योग्यच होती.

तिची किंमत मात्र लाता, रैणी, तोलमा या गावांनी मोजली. कुरणे गेली, मोहिमांवरची हमाली आणि वाटाड्याचे कामही गेले. याच रैणीत १९७४ मध्ये गौरादेवी आणि गावच्या बायांनी ठेकेदाराच्या माणसांना अडवून जंगल राखले होते. ज्यांनी झाडे वाचवली, त्यांनाच संरक्षणाच्या नावाखाली बाहेर काढणे हा अन्यायच होय.

७ फेब्रुवारी २०२१ रोजी रौंथी शिखराच्या उतारावरून खडक आणि बर्फाचा प्रचंड कडा कोसळला. ऋषिगंगेला आलेल्या लोंढ्याने रैणीजवळचा जलविद्युत प्रकल्प वाहून नेला, पुढे तपोवन प्रकल्पही उद्ध्वस्त केला. दोनशेहून अधिक माणसे दगावली किंवा बेपत्ता झाली. त्यांत बहुतेक प्रकल्पांवरचे कामगार होते.