नॉबवर पाच, बॉक्समध्ये चार

बाळाच्या पिकअपच्या गिअरदांडीवर काळा चकचकीत नॉब आहे आणि त्यावर पांढऱ्या रंगात पाच गिअरची आकृती. गाडी नव्वदच्या दशकातली, बाळा तिचा तिसरा मालक. नॉब आधीच्या कोणीतरी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या सुट्या भागांच्या बाजारातून आणून बसवलेला. दोन महिने बाळा पाचवा गिअर शोधत होता. दांडी उजवीकडे सारून वर ढकलायची, हाती काही लागायचं नाही. शेवटी ‘पाचवा गेला’ असं ठरवून तो मला घेऊन मिस्त्रींच्या गॅरेजवर आला. मी त्याचा मावसभाऊ आणि इंजिनिअर, म्हणून मिस्त्री आपल्याला फसवणार नाहीत असा त्याचा हिशेब.

मिस्त्रींनी गाडीखाली डोकं घातलं आणि दोन मिनिटांत बाहेर काढलं.

“शेठ, जो कधी नव्हताच तो जाणार कुठे?”

बाळा ओतूरहून माळशेज घाटातून दादरच्या फुलबाजारात झेंडू आणतो. रात्री निघायचं, पहाटे पोहोचायचं. मुरबाडनंतर सपाट रस्ता लागला की इंजिन नुसतं ओरडत असतं. त्याला पाच गिअरचा बॉक्स हवा होता. पण नवा काय बसवायचा हे ठरवण्याआधी आत्ता आत काय बसलंय ते कळायला हवं, आणि घोडं तिथेच पेंड खातं. आरसी बुकात इंजिन नंबर असतो, चासी नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो. तीस वर्षं धंद्यावर चाललेल्या गाडीचा बॉक्स किती वेळा उतरला आणि भंगारातून कुठला चढला, याची कागदावर नोंद नाही. गाडीचं मॉडेल आणि साल सांगून बॉक्स ओळखणं म्हणजे पत्त्यावरून भाडेकरूचं नाव सांगण्यासारखं आहे.

मग पाहायचं काय? आधी कवच. ते बिडाचं आहे की अॅल्युमिनियमचं, झाकण वरून आहे की बाजूने, त्याला बोल्ट किती. मग ओतीव अक्षरं. मळाचा थर रॉकेलने धुतला की कवचावर उठावदार आकडे दिसतात. ते बहुधा त्या तुकड्याच्या साच्याचे असतात, अख्ख्या बॉक्सचे नव्हे, पण धागा मिळतो. मग शेपटीकडचा भाग: चार गिअरच्या बॉक्समध्ये पाचवा वाढवताना अनेक कंपन्यांनी तो मागच्या जादा कप्प्यात बसवला, म्हणून पाचवाला बॉक्स बहुधा लांब असतो. आणि दांडीची चाल: रिव्हर्स कुठे पडतो, पहिल्याच्या शेजारी की शेवटच्या गिअरच्या खाली?

हे सगळं खुणांवरून झालं. मला त्याहून खात्रीची वाटते ती खडूची पद्धत. तिला ना कॅटलॉग लागतो ना कंपनीचं नाव.

पुढच्या चाकांना दगड लावा, कारण हँडब्रेक सोडावा लागणार आहे. गाडी न्यूट्रलमध्ये. मागचं एकच चाक जॅकने उचला आणि खाली घोडी (आधाराचा स्टँड) लावल्याशिवाय गाडीखाली हात घालू नका. उचललेल्या चाकावर एक खडूची रेघ, प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या धुऱ्यापर्यंत जाणाऱ्या दांड्यावर, एक. आता चाक हाताने वीस वेळा फिरवा आणि शाफ्टच्या फेऱ्या मोजा. आम्ही मोजल्या, एक्केचाळीस भरल्या. पण मागच्या धुऱ्याचं प्रमाण (चाकांच्या एका फेरीला शाफ्टच्या किती) काही दोनला एक नव्हतं, ते निघालं ४.१ला एक.

ही दुप्पट आली कुठून? डिफरन्शियलमधून, म्हणजे मागच्या धुऱ्याच्या मधल्या गोळ्यातून. शाफ्टने फिरणारं त्यातलं मोठं चक्र, क्राउन व्हील, नेहमी दोन्ही चाकांच्या फेऱ्यांच्या सरासरीने फिरतं. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, ती फुरसत त्याला या सरासरीतून मिळते. आपण एक चाक जमिनीवर टेकवून ठेवलं, म्हणजे त्याच्या फेऱ्या शून्य. दुसऱ्याच्या वीस. सरासरी दहा. क्राउन दहा वेळा फिरलं, शाफ्ट एक्केचाळीस वेळा. दोन्ही चाकं टेकलेली असताना जे यंत्र दिसत नाही, ते एक चाक उचललं की आकड्यात दिसतं. मला ही गोष्ट इतक्या वर्षांनीही गंमतीची वाटते.

गिअरबॉक्सचंही तसंच. क्लचचं काम असल्याने बॉक्स उतरवायचाच होता. इंजिनकडचा इनपुट शाफ्ट हाताने फिरवायचा, चाकांकडचा आउटपुट मोजायचा. उदाहरण द्यायचं तर मुंबईतच माझगावला जोडल्या जाणाऱ्या जुन्या विलिज जीपमधला टी-९० हा तीन गिअरचा बॉक्स घ्या. पहिल्या गिअरमध्ये त्याचं प्रमाण २.७९८. इनपुटच्या चौदा फेऱ्यांना आउटपुटच्या पाच पडल्या तर आकडा अगदी जवळ आला. बाळाच्या बॉक्समध्ये पहिल्याला वीसास पाच भरल्या, म्हणजे चारास एक. आणि चौथ्याला? एकास एक. याला डायरेक्ट म्हणतात: दोन्ही शाफ्ट आतून कुलूपबंद होतात आणि दातांमधून ताकद जातच नाही.

आता रस्त्यावरचा हिशेब. २१५/७५ आर १५ टायरचा घेर सुमारे २.२ मीटर. ताशी ८० किलोमीटरला चाक मिनिटाला ६०६ फेऱ्या घेतं. गुणिले ४.१, म्हणजे चौथ्यात इंजिन मिनिटाला सुमारे २,४८५ फेऱ्यांवर. पाचव्याचं प्रमाण ०.८२ धरलं तर २,०४०च्या आसपास. जुन्या डिझेलसाठी हा फरक मोठा आहे: कानाला, डिझेलला आणि बेअरिंगलाही. पण ताशी ५०ला पाचवा टाकला तर इंजिन १,२७५ वर येतं, गुरगुरतं, हादरतं आणि भार ओढत नाही. दादरच्या गल्लीत, सायनच्या सिग्नलला, कल्याण-शीळ रस्त्यावरच्या रांगेत तो पाचवा शोभेचाच.

आणि माळशेज? तिथे पाचव्याचा काही उपयोग नाही. बाळाच्या पहिल्या गिअरमध्ये इंजिनचा पीळ (टॉर्क) ४ गुणिले ४.१, म्हणजे १६.४ पट होऊन चाकाला मिळतो. पाचव्यात जेमतेम ३.३६ पट. भंगारातले बॉक्स बघताना लोक शेवटचा गिअर विचारतात. मी म्हणेन पहिला विचारा. नव्या बॉक्सचा पहिला ३.६ असेल तर भरलेली गाडी चढावर उठवताना दहा टक्के ओढ गेलीच. घाट उतरतानाही पाचव्यात इंजिन गाडीला धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. क्राउन-पिनियन (डिफरन्शियलमधली दातांची जोडी) बदलूनही फेऱ्या कमी करता येतात, खर्च कदाचित कमी, पण मग सगळेच गिअर उंच होतात, म्हणजे पहिल्याचीही ओढ घटते. मालवाहू गाडीला ते नकोच.

बसवण्याची कटकट वेगळीच. इनपुट शाफ्टवरचे स्प्लाइन (लांबट खाचा) क्लच प्लेटशी जुळायला हवेत, टोक इंजिनकडच्या पायलट बेअरिंगमध्ये बसायला हवं, क्लचवरच्या कवचाचे, बेल हाउसिंगचे, बोल्ट जमायला हवेत. सगळ्यात दुर्लक्षित काम प्रोपेलर शाफ्टचं. बॉक्स लांब म्हणून शाफ्ट कापून तोकडा करायचा, टर्नरकडे वेल्डिंग मारायचं आणि लगेच चढवायचा, अशी पद्धत आहे. समजा वेल्डिंगच्या जागी मध्यापासून साडेतीन सेंटिमीटरवर फक्त २० ग्रॅम धातू जास्त राहिला. ताशी ८०ला शाफ्ट मिनिटाला जवळजवळ अडीच हजार फेऱ्या घेतो. त्या २० ग्रॅमची ओढ होते सुमारे पाच किलो वजनाइतकी, दिशा सेकंदाला चाळीसहून अधिक वेळा बदलणारी. वेग दुप्पट तर ओढ चौपट. म्हणून बॅलन्सिंगचे पैसे वाचवू नयेत. दोन्ही टोकांचे योकही (क्रॉस जॉइंट धरणारे चिमटे) एका रेषेत हवेत. वाकून फिरणारा क्रॉस जॉइंट दर फेरीत दोनदा पुढे पळतो, दोनदा मागे रेंगाळतो. दोन जॉइंट सरळ लावले तर एकाचा दोष दुसरा खाऊन टाकतो. शाफ्ट काढण्याआधी दोन्ही टोकांना खडूची रेघ मारण्याचं कारण हे.

बॉक्स उतरवला तेव्हा ऑइल निथळलं. दुधाळ, ताकासारखं. बाळाचा चेहरा उतरला.

ऑइल दुधाळ म्हणजे आत पाणी शिरलेलं. पाणी हिंदमाताचं, दादरजवळच्या त्या पावसाळ्यात तुंबणाऱ्या सखल चौकाचं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो प्रकारच वेगळा. पण हिंदमाताला गुडघाभर पाणी भरायला तेवढा पाऊस लागत नाही. घाट उतरून आलेला बॉक्स धरा ९० अंशांवर तापलेला. तो ३० अंशांच्या पाण्यात शिरला की आतली हवा आक्रसते. निरपेक्ष तापमान ३६३ वरून ३०३, म्हणजे दाब साधारण एक षष्ठांशाने उतरतो. ब्रीदरचं, म्हणजे बॉक्सला श्वास घ्यायला ठेवलेलं, भोक चिखलाने बुजलेलं असेल तर शाफ्टभोवतीच्या सीलवर येणारी ही ओढ पावणेदोन मीटर खोल पाण्यात बुडवल्याइतकी असते. ब्रीदर उघडा असेल तर तो सरळ पाणीच पितो. सील बाहेर येणारं ऑइल अडवायला केलेलं असतं, आत घुसणारं पाणी नव्हे.

दुसरा अपराधी ऑइलच. बाळाने दोन्हीकडे ‘नव्वद नंबर’ टाकला होता, डिफरन्शियलमध्ये आणि बॉक्समध्येही. नव्वद हा फक्त घट्टपणा. आतली रसायनं वेगळी असतात. डिफरन्शियलचे दात एकमेकांवरून घासत सरकतात, त्यांना गंधक-फॉस्फरसवाली तगडी पुटं चढवणारं जीएल-५ दर्जाचं ऑइल लागतं. बॉक्समध्ये मात्र पितळी कोन रिंगा असतात. १९२८ साली कॅडिलॅकने सिंक्रोमेश बाजारात आणला तेव्हापासूनची युक्ती ही: दात भिडण्याआधी ही रिंग शंकूवर घासून दोन्ही फेऱ्या सारख्या करते. त्याआधी ते काम ड्रायव्हर डबल क्लच मारून, म्हणजे क्लच दोनदा दाबून, करायचा. जीएल-५ची रसायनं पितळ खाऊ शकतात, आणि त्याच्या निसरडेपणाने रिंग पकडच घेत नाही. अशा बॉक्सला सौम्य रसायनांचं जीएल-४ बरं. बाळाचा दुसरा गिअर करकरत पडायचा तो यामुळे. रिंगेवरच्या बारीक रेघा पुसून गुळगुळीत झाल्या होत्या.

“बॉक्स मजबूत आहे,” मिस्त्री म्हणाले. “दाताला खरचटलेलंसुद्धा नाही.”

बाळाने कुर्ल्यात पाच गिअरचा एक बॉक्स बघून ठेवला होता. आम्ही दोघं खडू घेऊन गेलो. दुकानदार आमच्याकडे बघत राहिला. पाचवा चांगला भरला, पहिला ३.६च्या जवळ आला, आणि स्प्लाइन बाळाच्या क्लच प्लेटशी जुळेनात.

तो बॉक्स तिथेच राहिला. बाळाने तीन कोन रिंगा, सील आणि जीएल-४ घातलं, ब्रीदरला रबरी नळी जोडून ती केबिनच्या मागे उंच नेली. आता दुसरा लोण्यासारखा पडतो. मी म्हटलं, नॉब तरी बदल.

“राहू दे रे दादा,” बाळा म्हणाला. “विकताना कामाला येईल.”