नगरपरिषदेत माहिती अधिकाराचा अर्ज: रस्त्याचा हिशेब मागायचा तर

पहिल्या पावसात रस्ता उखडला की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर खड्ड्यांचे फोटो पडतात, माजी नगरसेवक आजी नगरसेवकाला टोमणे मारतात आणि दोन दिवसांत सगळं थंड होतं. त्याच रस्त्याची मोजमाप पुस्तिका, म्हणजे झालेल्या कामाची मापं नोंदवलेली वही, कुणाच्या हातात असेल तर मात्र चर्चेचा सूर बदलतो. ती मिळवायला ना ओळख लागते ना वकील. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 खाली एक अर्ज आणि दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट पुरतं.

अर्ज कोण करू शकतो

भारताचा कोणताही नागरिक. त्याच गावचा मतदार असण्याची किंवा घरपट्टी भरलेली असण्याची अट नाही. नोकरीसाठी पुण्यात राहणारा माणूसही आपल्या गावच्या नगरपरिषदेला अर्ज देऊ शकतो. अर्ज मात्र स्वतःच्या नावाने करा. गणेश मंडळाच्या किंवा सोसायटीच्या लेटरहेडवर दिलात तर परत पाठवायला आयतं निमित्त मिळतं. माहिती कशाला हवी, याचं कारण देण्याची गरज नाही. कलम 6(2) तसं स्पष्ट सांगतं. खिडकीवर कुणी 'कशाला पाहिजे?' म्हणालंच तर हसून हे कलम सांगावं.

काय जोडायचं

जोडपत्र 'अ' म्हणजे अर्जाचा नमुना. तहसील कचेरीजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात तो मिळतो. त्यावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट चिकटवा, किंवा रोख भरून पावती घ्या. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क माफ आहे, पण त्याचा दाखला जोडावा लागतो. आधार किंवा मतदार ओळखपत्राची झेरॉक्स सोबत ठेवा. नागरिकत्वाचा पुरावा मागितला तर तिथल्या तिथे देता येतो, वाद घालण्यात आठवडा जात नाही.

खरी मेख मजकुरात

बहुतेक अर्ज इथेच फसतात. 'रस्त्याचं काम निकृष्ट का झालं?' असं विचारलं की 'प्रश्नार्थक माहिती देता येत नाही' असं एका ओळीचं उत्तर येतं. कायद्याच्या भाषेत ते फारसं चूकही नसतं. कार्यालयाकडे जे कागद आहेत तेच मागता येतात. अधिकाऱ्याकडून मत किंवा खुलासा नाही. म्हणून तक्रार तक्रारीच्या अर्जात लिहा आणि इथे कागदांची नावं लिहा.

नमुन्यात विषय, कालावधी आणि माहितीचं वर्णन असे वेगळे रकाने आहेत. ते साधारण असे भरता येतील:

विषय: प्रभाग अमुक, अमुक चौक ते तमुक चौक सिमेंट काँक्रीट रस्ता.
कालावधी: 1 एप्रिल 2023 ते 31 मार्च 2025.
वर्णन: या कामाची प्रशासकीय व तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील सर्व नोंदी, अदा केलेली देयके, गुणवत्ता चाचणी अहवाल आणि दोषदायित्व कालावधी नमूद असलेला करारनामा यांच्या प्रमाणित प्रती.

यातल्या शेवटच्या कागदाकडे लोकांचं लक्ष जात नाही. दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातले दोष ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत, संपलेला नसेल तर खड्डे बुजवणं ठेकेदाराच्या गळ्यात येतं आणि नगरपरिषदेला नव्याने खर्च दाखवायला जागा उरत नाही. मोजमाप पुस्तिकेत रस्त्याची लांबी, रुंदी आणि जाडी लिहिलेली असते. टेप घेऊन गेलात तर निदान रुंदी तरी तुमची तुम्हाला मोजता येते.

महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्दांची मर्यादा आहे. रस्ता, पाणीपुरवठा आणि घंटागाडी एकाच कागदावर कोंबू नका, तीन अर्ज करा. 'गेल्या वीस वर्षांतली सर्व कामं' असंही मागू नका. अर्ज टोलवायला तेवढंच पुरतं. कुणाचे घरगुती तपशील मागितले तर 'वैयक्तिक माहिती' म्हणून कलम 8 खाली नकार येतो.

नुसत्या प्रतीच मागता येतात असंही नाही. कलम 2 प्रमाणे कामाची पाहणी करता येते, अभिलेख बसून वाचता येतात, टिपणं काढता येतात आणि साहित्याचे प्रमाणित नमुनेसुद्धा घेता येतात.

दाखल करताना

अर्ज जन माहिती अधिकाऱ्याच्या, म्हणजे कार्यालयात माहिती देण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याच्या, नावे लिहा. नाव आणि पद कार्यालयातल्या फलकावर असायला हवं. दोन प्रती न्या आणि आवक विभागात दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व सही घ्या. पोच नसेल तर पुढचं सगळं हवेत. टपालाने पाठवायचा असेल तर स्पीड पोस्ट करा, पावती जपून ठेवा. लिहिता न येणाऱ्याने तोंडी विनंती केली तर ती लिहून घेण्यात मदत करणं अधिकाऱ्याला बंधनकारक आहे. रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा निघाला तर अर्ज पाच दिवसांत तिकडे वर्ग व्हायला हवा. 'आमच्याकडे येत नाही' म्हणून हात झटकता येत नाहीत.

तीस दिवस आणि पुढे

उत्तर 30 दिवसांत मिळायला हवं. जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर 48 तासांत. प्रतींसाठी पानाला 2 रुपयांप्रमाणे पैसे भरण्याचं पत्र येतं. पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस या मुदतीत धरत नाहीत, तेव्हा भरणा लांबवू नका. मुदत उलटून गेल्यावर मिळणारी माहिती मात्र फुकट द्यावी लागते, कलम 7(6).

उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर 30 दिवसांत पहिलं अपील करा: जोडपत्र 'ब', 20 रुपयांचं तिकीट. नगरपरिषदेत अपिलीय अधिकारी बहुधा मुख्याधिकारी असतात. निकाल 30 दिवसांत, फार तर 45 दिवसांत द्यायचा असतो. सुनावणीला स्वतः जा. अनेकदा फाइल त्याच दिवशी सापडते.

तिथेही काम झालं नाही तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या आपल्या खंडपीठाकडे दुसरं अपील. त्यासाठी जोडपत्र 'क' आणि पुन्हा 20 रुपयांचं तिकीट. विनाकारण माहिती दडवणाऱ्या अधिकाऱ्याला आयोग रोज 250 रुपये, कमाल 25,000 रुपयांपर्यंत दंड करू शकतो. पण आयोगाकडे तारीख लागायला बराच काळ जातो. तोवर थांबून राहू नका. त्याच कामाच्या फक्त अभिलेख पाहणीचा वेगळा अर्ज टाका. पाहणीचा पहिला तास विनाशुल्क असतो.