दाराचा सेन्सर २४ तास सिग्नल सोडत नसतो हो

सोसायटीत अजूनही ऐकायला मिळतं की दार उघडं की बंद ते कळवणारा, दाराला लावलेला तो छोटा वायरलेस सेन्सर दिवसभर सिग्नल मारत बसतो, म्हणून सेल लवकर संपतो. असं नाहीये. झिगबीवाला (झिगबी म्हणजे कमी विजेवर चालणारी वायरलेस पद्धत) सेन्सर उघडून बघा, आत एक बारीक काचेची नळी असते, रीड स्विच, त्यात लोखंड-निकेलच्या मिश्रधातूच्या दोन पट्ट्या, दाराचा मॅग्नेट जवळ आला की चिकटतात, लांब गेला की सुटतात, बस एवढंच. चिप बहुतेक वेळ झोपलेली, पट्टी हलली की जागी होते, काही मिलिसेकंद रेडिओ चालवते आणि परत झोपते. मधूनअधून ‘मी जिवंत आहे’ एवढं कळवते.

हिशोब करा ना, आतल्या नाण्यासारख्या सीआर २०३२ सेलची क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-तास असते, तो २ वर्षं पुरवायचा तर सरासरी १२-१३ मायक्रोअँपिअरच वापरता येतात. खरी गंमत बंद दारात आहे, कारण तेव्हा स्विच जोडलेला असतो आणि पुल-अप रेझिस्टरमधून (सेलच्या प्लसला आणि स्विचला जोडणारा रोधक) करंट सतत झिरपतो. तो ४० किलोओहमचा ठेवला तर ७५ मायक्रोअँपिअर, म्हणजे ४ महिन्यांत सेल खलास, १ मेगाओहमचा ठेवला तर फक्त ३ मायक्रोअँपिअर!