हुंड्यातली मुंबई आणि गोव्यातला अडेलतट्टू

फोंड्याची माझी मावशी इंग्रजी ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्यांची भक्त. पणजीच्या सेंट्रल लायब्ररीतून चारचार पुस्तकं आणते आणि दुपारी भांडीकुंडी आवरली की पडवीत वाचत बसते. गोष्टींची घडण ठरलेली. ड्यूक कर्जात बुडालेला आणि बाहेरख्याली, नवरी देवभोळी, दोघांनाही हे लग्न नको असतं. पण त्याला पैसा हवा आणि तिच्या घराला आधार. मावशीचा प्रश्नही ठरलेला, "काय गो, ह्यांनी लग्नाआधी नोटरीकडे काही लिहून ठेवलं नाही?"

गोव्यात जन्म गेलेल्या बाईला हे सुचणारच. आपल्याकडे मांडव पडण्याआधी सिव्हिलच्या, म्हणजे सरकारी विवाह नोंदणीच्या, सह्या होतात. वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एक होते आणि निम्मी तिची, निम्मी त्याची. १८६७चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७०मध्ये इथे लागू झाला, पोर्तुगीज गेले तरी तो राहिला. निम्म्याची ही रीत तर त्याहून जुनी, पोर्तुगालात सतराव्या शतकातही चालत होती.

त्या कादंबऱ्यांतल्या इंग्लंडात असलं काही नव्हतं. लग्न झालं की बायकोची जंगम मालमत्ता नवऱ्याची, जमिनीचा कारभारही त्याच्याच हाती. बाप शहाणा असेल तर विश्वस्त नेमून लेकीपुरतं थोडं बाजूला काढी. हे पुरतं बदललं १८८२च्या कायद्याने. वडिलार्जित जमीन आणि किताब थोरल्या मुलाला, त्यामुळे धाकटे भाऊ आणि मुली लग्नाच्या बाजारात. त्यात १७५३च्या कायद्याने एकवीस वर्षांखालच्या मुलामुलींना आईबापांच्या संमतीशिवाय परवान्यावर लग्न करता येईना. स्कॉटलंडला तो कायदा लागू नव्हता, म्हणून सीमेपलीकडचं ग्रेटना ग्रीन पळून जाणाऱ्यांचं तीर्थक्षेत्र झालं. कादंबरीतल्या मध्यरात्रीच्या घोडागाड्या त्याच रस्त्याच्या.

पण या प्रकारातलं अस्सल लग्न त्या घोडागाड्यांच्या कितीतरी आधी लागलं. त्याची शेवटची भांडाभांडी आपल्या गोव्यात झाली, म्हणून ते जरा सविस्तर सांगते.

कातारिना द ब्रागांसा ही पोर्तुगालच्या राजाची मुलगी, जन्म १६३८चा. ती दोन वर्षांची असताना तिच्या वडिलांनी स्पेनचं जोखड झुगारून गादी घेतली. लढाई चालूच राहिली. १६५९मध्ये फ्रान्सने स्पेनशी तह करून पोर्तुगालला वाऱ्यावर सोडलं. पूर्वेकडे डच एकेक ठाणं गिळत होते, १६४१मध्ये मलाक्का गेलं, १६५६मध्ये कोलंबो. अशा घराला तालेवार जावई हवाच. तो मिळाला इंग्लंडचा दुसरा चार्ल्स. वनवास भोगून १६६०मध्ये गादीवर आला होता, खिसा रिकामा होता आणि बार्बरा नावाची ठेवलेली बाई दरबारात मिरवत होती.

१६६१च्या तहात हुंडा ठरला तो असा: २० लाख क्रुझादो (पोर्तुगीज नाणी), आफ्रिकेतलं तांजियर आणि इकडे मुंबईचं बेट. बदल्यात इंग्लंडने डचांपासून रक्षण करायचं. रोकड पुरेना, तेव्हा लिस्बनने काही भाग साखर आणि इतर मालाच्या रूपात जहाजांवर चढवला. लग्नात ठरलेल्या दागिन्यांऐवजी गुळाच्या ढेपी आल्यासारखंच हे.

मे १६६२मध्ये पोर्ट्समथला लग्न लागलं. तिच्या कॅथलिक पंथाप्रमाणे गुपचूप, त्याच्या अँग्लिकन पंथाप्रमाणे उघड. तिला इंग्रजी येईना, त्याला पोर्तुगीज; दोघं स्पॅनिशमध्ये बोलत, म्हणजे तिच्या बापाच्या शत्रूच्या भाषेत. चार्ल्सने आपल्या मंत्र्याला कळवलं की चेहरा अगदी सुंदर म्हणावा असा नाही, पण डोळे फार छान आहेत आणि किळस यावी असं काही नाही. नवऱ्याच्या तोंडची ही तारीफ! पुढे त्याने बार्बरालाच राणीच्या खासगी दालनातली मानकरीण नेमलं. ती समोर आणली तेव्हा राणीच्या नाकातून रक्त आलं आणि ती बेशुद्ध पडली. अखेर नमावं लागलं राणीलाच.

आता गोव्याकडे. मुंबईचा ताबा घ्यायला इंग्रज आरमार १६६२च्या सप्टेंबरात आलं. बरोबर सर अब्राहम शिपमन आणि सुमारे ४०० शिपाई. त्याच आरमारातून पोर्तुगिजांचा नवा गव्हर्नर आन्तोनियु द मेलु इ काश्त्रु हाही आला. बेट द्यायची वेळ आली तेव्हा हा गृहस्थ अडून बसला. शिपमनचे कागद रीतसर नाहीत म्हणाला. इंग्रज म्हणत, मुंबई म्हणजे ठाणे आणि साष्टीही (ही साष्टी मुंबईकडची, मडगावची नव्हे). हा म्हणे, मुंबई म्हणजे फक्त मुंबई. १६६३च्या जानेवारीत डचांनी कोचीही घेतली आणि व्याही मदतीला आले नाहीत, मग तर त्याचं मन आणखीच घट्ट झालं.

मला विचाराल तर या सगळ्या लग्नात खरोखर नाखूश असा माणूस हाच. नवरा रमला दुसरीकडे, नवरीने जमवून घेतलं. जुन्या गोव्यातल्या या कारकुनी हट्टाने मात्र हुंडा अडीच वर्षं अडवून धरला.

त्याची किंमत शिपायांनी मोजली. उतरायला जागा नाही म्हणून ते अंजदीववर जाऊन राहिले. कारवारच्या किनाऱ्यासमोरचं हे बेट आजही गोव्याच्याच हद्दीत आहे. जानेवारी १६६४मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा ही माणसं तिथे आजाराने पटापट मरत होती. एप्रिलमध्ये शिपमनही गेला. त्याचा चिटणीस हंफ्रे कुक उरला आणि शिपाई राहिले शंभरच्या आसपास.

शेवटी लिस्बनची कडक ताकीद आली. मेलु इ काश्त्रुने जानेवारी १६६५मध्ये राजाला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे: केवळ आज्ञा म्हणून हे करतोय, इंग्रज मुंबईत बसतील त्या दिवशी हिंदुस्थान आपल्या हातून गेला समजा. जाता जाता त्याने कुककडून अशा अटी लिहून घेतल्या, की चार्ल्सने नंतर तो करारनामाच मानायला नकार दिला.

१८ फेब्रुवारी १६६५ला ताबा दिला गेला तो दोना इग्नेस द मिरांडा हिच्या वाड्यात. ही बेटाची मालकीण, विधवा. राजकन्येचा हुंडा हिच्या अंगणातून निघाला. कुक बेटावर फिरला, माती आणि दगड हातात घेतले, तटावर हात ठेवला आणि ताबा घेतल्याचं लिहून झालं. आपल्याकडे जमीन घेताना अजून मूठभर माती उचलणारे लोक आहेत, त्यांना हे परकं वाटणार नाही.

चार्ल्सला त्या बेटाचं काय करावं समजेना. १६६८मध्ये त्याने ते ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं, वर्षाला १० पौंड भाड्याने.

कातारिनाला मूल झालं नाही. राजाला घटस्फोटाचा सल्ला देणारे पुष्कळ होते, १६७८मध्ये तर राजाला विष घालायच्या कटाचा आरोप तिच्यावर आला. पण चार्ल्स तिच्या बाजूने उभा राहिला आणि तिला सोडलं नाही. कादंबरीवाले याला प्रेम म्हणतील. तो १६८५मध्ये वारला, पुढे ती माहेरी परतली. भाऊ आजारी पडला तेव्हा तिने पोर्तुगालचा कारभारही पाहिला. १६९०च्या दशकात लिस्बनला परतताना हुंडा अर्थातच बरोबर आला नाही.

मावशीला हे सगळं सांगितलं. ती चष्मा पुसत म्हणाली, "त्या वाड्यातल्या विधवेचं पुढे काय झालं, ते सांग ना."